दुभाष्याच्या जागेवरून पाहिलेली ‘शोगुन’

‘शोगुन’ ही जपानात घडणारी, २०२४ ची दहा भागांची मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा एकट्याने, रात्री उशिरा, इंग्रजी सबटायटल्स वाचत. दुसऱ्यांदा कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर, पंचाहत्तरीच्या आईला शेजारी बसवून, एकेक वाक्य मराठीत सांगत. आईला मराठी उत्तम वाचता येते, इंग्रजी मुळीच येत नाही, आणि या मालिकेतले सुमारे सत्तर टक्के संवाद जपानी आहेत, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. माझे पोट कागदपत्रांच्या भाषांतरावर चालते. खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे मराठीतून इंग्रजीत न्यायची आणि खाली सही-शिक्का करायचा, हा रोजचा उद्योग. तरीही ‘आता काय म्हणाला?’ या प्रश्नाला पुढचे वाक्य येण्याच्या आत उत्तर देण्याची सवय मला नव्हती. तिसऱ्या भागापर्यंत जीभ थोडी रुळली, आणि त्याच सुमारास आईने पडद्यावरच्या मारिकोकडे, म्हणजे इंग्रज खलाशाच्या दुभाष्या बाईकडे, बोट दाखवून म्हटले, “आरं, ही बाई त्याला समदं सांगंना झालीया. मधल्या मधी गिळतीया.”

जेम्स क्लॅव्हेल यांच्या अकराशेहून अधिक पानांच्या कादंबरीचे हे रूपांतर मला का आवडले, ते आईच्या या वाक्यात आले आहे. पुढे कथेतल्या काही गाठी सुटणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

कादंबरी १९७५ सालची. क्लॅव्हेल दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते आणि सिंगापूरच्या चांगी तुरुंगात त्यांनी दिवस काढले होते. अशा माणसाने पुढे जपानविषयी एवढ्या ओढीने लिहावे, हे मला कादंबरीतल्या कोणत्याही प्रसंगाइतकेच विलक्षण वाटते. कथेचा गाभा खरा आहे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला विल्यम अ‍ॅडम्स हा दर्यावर्दी ‘लीफ्द’ या डच जहाजावरून एप्रिल १६०० मध्ये जपानच्या क्यूशू बेटाला लागला, तेव्हा जहाजावर जेमतेम दोन डझन माणसे जिवंत होती. तोकुगावा इएयासू या सरदाराने त्याला ठेवून घेतले, त्याच्याकडून जहाजे बांधून घेतली, त्याला जमीन आणि मान दिला, आणि १६२० साली तो जपानातच मरण पावला. कादंबरीत अ‍ॅडम्सचा जॉन ब्लॅकथॉर्न झाला, इएयासूचा योशी तोरानागा, त्याचा प्रतिस्पर्धी इशिदा मित्सुनारीचा इशिदो, आणि होसोकावा ग्राशिया या ख्रिस्ती झालेल्या सरदारपत्नीची तोदा मारिको. ग्राशिया आणि अ‍ॅडम्स कधी भेटल्याचा पुरावा नाही. त्यांना समोरासमोर आणून एकीच्या तोंडी दुसऱ्याची भाषा देणे ही कादंबरीकाराची करामत. मालिकेने नेमका हाच धागा ओढून धरला आहे.

रूपांतराविषयी बोलताना आपण सहसा काय गाळले आणि काय वाढवले याची यादी करतो. येथे त्याआधीचा प्रश्न असा आहे, की प्रेक्षकाला कोणाचे कान द्यायचे. १९८० साली अमेरिकेत पाच रात्रींत दाखवलेल्या पहिल्या मालिकेत रिचर्ड चेंबरलेन ब्लॅकथॉर्न होते, तोशिरो मिफुने तोरानागा आणि योको शिमादा मारिको. चित्रीकरण प्रत्यक्ष जपानात झाले होते. त्या मालिकेत जपानी संवादांना बहुतांशी सबटायटल्सच नव्हती. ब्लॅकथॉर्नला जेवढे कळते तेवढेच प्रेक्षकाला कळावे, बाकीचे ऑर्सन वेल्स यांच्या निवेदनातून समजावे, असा तो हिशेब होता. परक्या मुलखात उतरलेल्या माणसाची घुसमट त्यातून नेमकी पोहोचते, पण एक गोष्ट हातची जाते: दुभाष्या खरे सांगतो की नाही, हे प्रेक्षकालाही कळत नाही. २०२४ ची मालिका दोन्ही बाजू ऐकवते. ब्लॅकथॉर्न काय म्हणाला ते आपण ऐकतो, मारिकोने त्याचे काय केले ते वाचतो, आणि दोहोंमधल्या फटीत नाटक घडते. (ती दोघे बोलतात ते कथेप्रमाणे पोर्तुगीज, पण आपल्या कानी इंग्रजी पडते, एवढी सवलत मालिकेने घेतली आहे आणि पहिल्या भागानंतर ती खटकत नाही.) जुन्या मालिकेचे चाहते नव्या मालिकेने कादंबरीपासून फारकत घेतली असे म्हणतात, ते मला पटत नाही. क्लॅव्हेल स्वतः एका पानावर ब्लॅकथॉर्नच्या डोक्यात असतात, तर पुढच्या पानावर तोरानागाच्या किंवा एखाद्या फितूर सरदाराच्या. या बाबतीत नवी मालिकाच कादंबरीच्या अधिक जवळ आहे.

पाचव्या भागातला जेवणाचा प्रसंग सावकाश पाहण्यासारखा आहे. मेला असे मानलेला मारिकोचा नवरा बुंतारो परत आला आहे आणि ब्लॅकथॉर्नच्या घरी पाहुणा म्हणून बसला आहे. दोघे साके पितात आणि पिता पिता चुरशीला लागतात. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, आणि मधे बसलेली मारिको दोघांच्या शब्दांची धार बोथट करून ते पलीकडे सरकवते. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. हलतो तो तिचा वेग: सोपे वाक्य ती लगेच देते, अवघड वाक्याआधी क्षणभर थांबते. त्या थांबण्यात ती काय कापते आहे, हे आईला भाषा न कळताही कळत होते. पुढे बुंतारो बसल्या जागेवरून धनुष्य ओढतो आणि त्याचे बाण बायकोच्या चेहऱ्याला चाटून बाहेर जातात. तोपर्यंत ब्लॅकथॉर्नच्या खलाशी शिव्या मीही आईला “काहीतरी वंगाळ बोलला” एवढ्यावर भागवत होतो. ती वैतागून म्हणाली, “वंगाळ म्हंजे काय ते सांग की. ती बी गिळती आनि तू बी.” मी निमूटपणे शिव्या सांगितल्या.

संवाद तयार करण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. आधी इंग्रजी संहिता, मग तिचे जपानी भाषांतर, मग एका जपानी नाटककाराने त्यावर त्या काळाच्या भाषेचा हात फिरवणे, आणि शेवटी त्या जपानी संवादांवरून पुन्हा इंग्रजी सबटायटल्स. एवढा द्राविडी प्राणायाम करणारी निर्मिती विरळाच, आणि त्याचे फळ पडद्यावर दिसते: सबटायटल्सची इंग्रजी आटोपशीर, थोडी जुन्या वळणाची आणि स्वच्छ आहे. परंतु इंग्रजीला जे जमतच नाही ते मराठीला सहज जमते, हे मला आईशेजारी बसल्यावर उमगले. इंग्रजीत राजालाही एकच सर्वनाम आणि नोकरालाही तेच. मी बोलू लागलो तसे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आपोआप वेगळे झाले. तोरानागा आपल्या हाताखालच्या याबुशिगे या सरदाराला ‘तू’ म्हणू लागला, मारिको तोरानागाला ‘आपण’, आणि कारभारी मंडळाचे सरदार एकमेकांना तोंडदेखले ‘तुम्ही’. नावामागच्या ‘सामा’ला मी पहिल्या दिवशी ‘साहेब’ म्हणून पाहिले, ते फारच कचेरीतले वाटले. दुसऱ्या दिवसापासून ‘सरकार’ केले आणि ते चपखल बसले. अल्पवयीन वारसाची आई ओचिबा हिला आईने न विचारताच ‘आईसाहेब’ करून टाकले.

या ओचिबाच्या बाबतीत कोल्हापूरकर प्रेक्षकाला फारशी प्रस्तावना लागत नाही. ताइको, म्हणजे इतिहासातला तोयोतोमी हिदेयोशी, १५९८ साली वारला, वारस लहान, कारभार पाच सरदारांच्या मंडळाकडे, आणि मुलाच्या नावाने सत्ता राखू पाहणारी, कोणावरही विश्वास न ठेवणारी आई. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर लहानग्या शिवाजीच्या नावाने राज्य हाकणाऱ्या ताराबाई, आणि १७१४ साली पन्हाळ्यावर त्यांनाच मुलासह कैदेत टाकून आपल्या मुलाला गादीवर बसवणाऱ्या राजसबाई, यांची गोष्ट ज्या गावात लहानपणी ऐकली जाते, तेथे ओसाकाच्या किल्ल्यातले कारस्थान परके वाटत नाही. दोन्हीकडची माणसे सारखी आहेत असे मला म्हणायचे नाही. ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज घेतली, ओचिबा किल्ल्यातून हलत नाही. पण पडद्याआडून बोलणाऱ्या बाईचे वजन ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही, एवढे खरे.

दुसरे साम्य अधिक खोल आहे. दुसऱ्या भागात ब्लॅकथॉर्न तोरानागाला जगाचा नकाशा काढून दाखवतो आणि सांगतो, की पोर्तुगाल आणि स्पेन या दोन राजांनी तहाने जग आपसांत वाटून घेतले असून त्यात तुमचा देशही एकाच्या वाट्याला गेला आहे. भाषांतर करते आहे मारिको, जी स्वतः कॅथलिक आहे आणि ज्यांच्यावर आरोप होतो आहे त्या पाद्र्यांवर तिची श्रद्धा आहे. तेथे तिला एकही शब्द गिळता येत नाही. हा प्रसंग पाहताना मला राहून राहून ‘आज्ञापत्र’ आठवत होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळातला हा राजनीतीचा ग्रंथ सावकारांविषयी लिहिताना टोपीकरांचे प्रकरण वेगळे काढतो आणि बजावतो, की हे इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये. आणि येथून अवघ्या काही कोसांवर, १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला असता, राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांचे निशाण लावून, तोफा घेऊन शिवाजी महाराजांच्या विरुद्ध उभा राहिला होता. दुसऱ्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठले आणि तो कैदेत पडला. ब्लॅकथॉर्नच्या जहाजावरच्या तोफांकडे तोरानागा आणि याबुशिगे ज्या नजरेने पाहतात, ती नजर आपल्या ओळखीची आहे. परका उपयोगी आहे, म्हणून त्याला जिवंत ठेवायचे. परका धोक्याचा आहे, म्हणून त्याला माघारी जाऊ द्यायचे नाही. हा हिशेब मालिका शेवटपर्यंत सोडत नाही. तोरानागाच्या मनात ब्लॅकथॉर्नविषयी आपुलकी आहे, पण तीसुद्धा या हिशेबात धरलेली आहे.

आता बदलांविषयी. कादंबरीत ब्लॅकथॉर्नला सहा महिन्यांत जपानी आली नाही तर सगळे गाव मारले जाईल असे फर्मान निघते, आणि त्याविरुद्ध तो मध्यावरच स्वतःच्या पोटात सुरा खुपसायला निघतो. ऐन वेळी त्याचा हात धरला जातो. मालिकेने हा प्रसंग तेथून उचलून अगदी शेवटच्या भागात नेला आहे. त्याचे जहाज जळाल्याची शिक्षा तो राहतो त्या आजिरो गावाला भोगावी लागते आहे, ती थांबावी म्हणून तो तोरानागासमोर सुरा काढतो. माझ्या मते हा रूपांतरकारांचा, म्हणजे रेचेल कोंडो आणि जस्टिन मार्क्स यांचा, सर्वांत हुशार निर्णय आहे. मध्यावर हाच प्रसंग तापट परक्याचा हट्ट वाटला असता. नऊ भाग मारिकोच्या सहवासात काढल्यावर तो शिकलेल्या माणसाचे कृत्य वाटतो. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली आहे. कादंबरीत शेकडो पाने चालणारे भाषा शिकणे, त्यातल्या चुका, हसे होणे, एकेका क्रियापदाशी झटापट, हे सगळे मालिकेत फार आक्रसले आहे. ब्लॅकथॉर्न पहिल्या तीन भागांत कथेचा कणा आहे आणि आठव्यापर्यंत पाहुणा होतो. कॉस्मो जार्व्हिस त्याला दमदार खर्ज देतात, पण काही ठिकाणी इतके पुटपुटतात की जपानी संवाद वाचून समजत होते आणि इंग्रजी ऐकून समजत नव्हते, अशी माझी गत झाली.

टांगून ठेवलेल्या फेझंट पक्ष्याचा प्रसंग मात्र जसाच्या तसा झोंबतो. मांस मुरावे म्हणून ब्लॅकथॉर्न पक्षी घराबाहेर टांगतो आणि त्याला कोणी हात लावला तर याद राखा, अशा अर्थाचे काहीतरी गमतीने बोलून जातो. मालकाचा शब्द म्हणजे हुकूम. पक्षी कुजतो, गावाला दुर्गंधीचा त्रास होतो, आणि म्हातारा माळी तो उतरवून आपला जीव देतो. परत आलेल्या ब्लॅकथॉर्नला हे सांगितले जाते, तेव्हा त्याच्या संतापाचा त्या घरात कोणाला अर्थच लागत नाही. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर झाले होते, आणि माणूस मेला.

आमच्या कट्ट्यावर या मालिकेविषयी एकच तक्रार ऐकू आली: “लढाई कुठाय?” ती समजण्यासारखी आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात ‘सिंहगड’ काढला आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत घोड्यांच्या टापांनी धूळ उडाली, त्या गावाला ऐतिहासिक म्हटले की मैदान हवे असते. येथे ऑक्टोबर १६०० मधली सेकिगाहाराची निर्णायक लढाई तोरानागाच्या तोंडून भविष्यासारखी येते आणि क्षणभर दिसून जाते. पण ही मालिकेची चुकवाचुकवी नव्हे. कादंबरीतही ती लढाई शेवटच्या काही ओळींतच उरकली आहे. इएयासू जिंकला, १६०३ साली शोगुन, म्हणजे सेनापती असलेला राज्यकर्ता, झाला आणि त्याच्या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे राज्य केले, हे इतिहास वाचणाऱ्याला ठाऊकच असते. उत्सुकता राहते ती सैन्य न हलवता तो हे कसे साधतो याची. आपल्याकडे याचे उदाहरण जुने आहे. याच जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली, तेव्हा थेऊरला काय होणार हे न जाणणारा प्रेक्षक नव्हता, तरी रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या माधवराव-रमाबाईंसाठी घरोघरी लोक वेळेवर बसत होते.

शिवाय नवव्या भागात जी लढाई आहे ती कोणत्याही मैदानाला भारी आहे. ओलीस ठेवलेल्या सरदारकुटुंबांना बाहेर जाण्याचा हक्क आहे, एवढेच सिद्ध करण्यासाठी मारिको ओसाकाच्या किल्ल्यातून उजेडी चालत निघते. तिची माणसे एकामागून एक पडतात. मग ती स्वतः नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचे पाते, हातात घेते. मर्दानी खेळ पाहत वाढलेल्यांनी तिची पावले अवश्य पाहावीत. ती जिंकण्यासाठी लढत नाही, थांबवले गेल्याचे सर्वांनी पाहावे म्हणून लढते. प्रत्येक वार अडवला जातो आणि ती पुन्हा त्याच जागेवर येऊन उभी राहते. अ‍ॅना सावाई यांचा आवाज या एका प्रसंगात दोनदा चिरकतो. आठ भाग इतरांची वाक्ये पोहोचवणारी बाई येथे पहिल्यांदा स्वतःचे वाक्य बोलते, आणि त्याला दुभाष्या लागत नाही. या भागाभर आईने मला एकदाही काही विचारले नाही.

अभिनयात हिरोयुकी सानादा यांचा तोरानागा स्तब्धतेवर उभा आहे. त्यांना निर्मितीतही वाटा होता आणि कमरपट्ट्याच्या गाठीपासून बसण्या-उठण्यापर्यंत जे काटेकोरपण दिसते, त्यामागे तो असावा. पण मला सर्वांत जास्त आवडला तो तादानोबू आसानो यांचा याबुशिगे: दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा, क्रूर, भित्रा आणि मनमोकळा. दर दोन दिवसांनी नवे मृत्युपत्र करणाऱ्या या इसमावर माझ्या धंद्यातल्या माणसाचा जीव जडला नसता तरच नवल. मालिकेला पहिल्याच हंगामात १८ एमी पुरस्कार मिळाले, हा विक्रम आहे. कपडेपट आणि नेपथ्य पाहता त्यांतले काही तर डोळे मिटून द्यावेत असे आहेत. चित्रीकरण बहुतांशी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात झाले आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

दोष डोळ्यांना जाणवतात ते छायाचित्रणात. चौकटीच्या कडा वारंवार धूसर होतात आणि रात्रीचे प्रसंग इतके काळोखे आहेत की दिवसा खिडक्या उघड्या ठेवून ही मालिका पाहण्यात अर्थ नाही. रेशमाचा व्यापार, मकाऊहून येणारे काळे जहाज, त्यावर पोसलेले पाद्री आणि सरदार, हा कादंबरीतला पैशाचा भाग पातळ झाला आहे. त्यामुळे पाद्री फादर अल्विटो कशासाठी इतका अस्वस्थ आहे, हे कादंबरी न वाचलेल्याला अर्धवटच कळते. गावातली सामान्य माणसे तर बहुधा मरण्यापुरतीच पुढे येतात. आणि शेवटचा भाग पहिल्या पाहण्यात मलाही थंड वाटला होता. दुसऱ्यांदा वाटला नाही.

पाहणार असाल तर मूळ जपानी आवाजातच पाहा. डब केलेला पर्याय निवडला की मारिको नुसती पाठांतर करणारी बाई होते आणि मालिकेचा जीवच जातो. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. आमच्याकडे पावसात इंटरनेट दर अर्ध्या तासाला बसत असे, आणि जोडणी देणाऱ्याने फोन उचलायचा नाही असे व्रत घेतले होते. पण त्या खंडामुळेच आई मागच्या प्रसंगाविषयी विचारू शके, म्हणून मी त्यालाही फार नावे ठेवत नाही. पुढचा हंगाम जाहीर झाला आहे. कादंबरी तर संपली आहे, तेव्हा आता रूपांतरकारांना क्लॅव्हेलचा हात सोडून थेट इतिहासात उतरावे लागेल, आणि ते कितपत जमते याची मला उत्सुकता आहे तशी धास्तीही.

आई सध्या संध्याकाळी एक मराठी ऐतिहासिक मालिका पाहते. परवा तीत एक गोरा वकील दरबारात आला आणि मुजरा करून थेट मराठीत बोलू लागला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “ह्येचा दुभाष्या कुठं गेला?”